फोन कोरडा राहो, पण आधी माणूस!

मागच्या आठवड्यात दवाखान्यात एक गुरुजी आले होते. निवृत्त शिक्षक, आमचे जुने पेशंट. साखरेचा रिपोर्ट पाहून झाला, गोळ्या लिहून झाल्या आणि उठता उठता त्यांनी खिशातून एक पारदर्शक प्लास्टिकची पिशवी काढून टेबलावर ठेवली. तिला वर चाप, खाली गळ्यात अडकवायची दोरी.

"डॉक्टरसाहेब, सुट्टीत सगळे तारकर्लीला चाललोय. मुलाने पैठण गेटवरून हा पाऊच आणला. फोन यात घालून खुशाल पोहायचं म्हणतो. तुम्हीच सांगा, खरं का हे?"

मी म्हणालो, "गुरुजी, फोनचा डॉक्टर मी नव्हे. पण प्रश्न माझ्याकडे आणलात हे बरे केले."

त्यांना वाटले मी थट्टा करतो आहे. पण ती थट्टा नव्हती. काही वर्षांपूर्वी पैठण रस्त्यावरच्या एका गावातून सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला माझ्याकडे आणले होते. शेततळ्याच्या काठावर उभा राहून तो फोटो काढत होता. फोन हातातून निसटला आणि पाण्यात गेला. बाराव्या इयत्तेच्या निकालावर वडिलांनी घेऊन दिलेला नवा फोन. मुलाने मागचापुढचा विचार न करता उडी घेतली. त्याला विहिरीत पोहता येत होते; पण शेततळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो आणि त्यावर शेवाळ धरते. पाय टेकला की घसरतो, हाताला धरायला काही नाही. चांगला पोहणारासुद्धा तिथून वर येऊ शकत नाही आणि दमून बुडतो. त्याच्या चुलत्यांना वेळेवर ओरडा ऐकू आला. त्यांनी ठिबकची नळी आत फेकली, म्हणून मुलगा वाचला. नाकातोंडात पाणी गेले होते, धाप लागली होती. त्याला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात पाठवावे लागले. तीन दिवसांनी तो घरी आला. फोन तळ्यातच राहिला.

तेव्हापासून पाणी आणि फोन हा विषय मी वैद्यकीयच मानतो.

"वॉटरप्रूफ" म्हणजे काय?

हल्ली महागड्या फोनच्या खोक्यावर 'आयपी ६७' किंवा 'आयपी ६८' असे लिहिलेले असते. दुकानदार सांगतो, "साहेब, पाण्यात टाका, काही होत नाही." यातले दोन आकडे समजून घ्यावेत. पहिला आकडा धुळीचा. सहा म्हणजे आत धूळ जात नाही. दुसरा आकडा पाण्याचा. सात म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास ठेवले तरी नुकसान होईल इतके पाणी आत शिरत नाही. आठ म्हणजे त्याहून जास्त; पण किती खोल आणि किती वेळ, हे ज्या त्या कंपनीने ठरवायचे असते. म्हणून दोन कंपन्यांचा 'आठ' सारखा असेलच असे नाही.

खरी मेख पुढे आहे. ही परीक्षा प्रयोगशाळेत होते. फोन नवा कोरा, पाणी गोडे आणि स्थिर. आपल्या तलावातल्या पाण्यात क्लोरीन असते, समुद्राच्या पाण्यात मीठ, नदीच्या पाण्यात गाळ. शिवाय फोन दोनदा पडलेला असतो, एकदा काच बदललेली असते. आतले रबराचे बारीक पट्टे वर्षा-दोन वर्षांत सैल पडतात. आणखी एक गंमत पाहा. कंपनी जाहिरातीत फोन पाण्यात दाखवते; पण पाणी शिरून बिघडलेल्या फोनची जबाबदारी बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत धरलेली नसते. तेव्हा फोन कितीही भारी असो, पाण्याजवळ न्यायचा असेल तर वेगळे आवरण हवेच.

आवरणाचे तीन प्रकार

पहिला प्रकार गुरुजींच्या हातातला, म्हणजे पाऊच. शंभर-दोनशे रुपयांपासून मिळतो. वर दोन-तीन घड्या किंवा फिरवायचे चाप असतात. पोहण्याच्या तलावाचा काठ, धबधब्याचे तुषार, होळीचे रंग, पावसातली दुचाकी एवढ्यासाठी हा पुरेसा आहे. साधे प्लास्टिक उन्हात कडक होते आणि घडीच्या जागी तडकते. मऊ, रबरासारखे लवचिक प्लास्टिक जास्त टिकते.

दुसरा प्रकार कडक डबीचा. फोन आत बसवून चारी बाजूंनी बंद करायचा. कडेला रबराची गोल चकती असते, तीच पाणी अडवते. महाग असते, पण नीट बसवली तर भरवशाची. मात्र त्या रबरावर एक केस किंवा वाळूचा एक कण राहिला तरी पाणी वाट काढते. बंद करण्यापूर्वी स्वच्छ, कोरड्या फडक्याने रबर पुसावे.

तिसरा प्रकार तोंड गुंडाळून बंद करायच्या पिशवीचा. जाड कापडाची ही पिशवी तीन वेळा गुंडाळून बकल लावले की झाले. यात फोन वापरता येत नाही. पण फोन, पैसे, चाव्या, रोजच्या गोळ्या आणि कोरडा टॉवेल एकत्र राहतो. माझे स्वतःचे मत विचाराल तर कुटुंबासह सहलीला जाणाऱ्यांनी हीच पिशवी घ्यावी. ज्यांना इन्सुलिन किंवा दम्याचा पंप लागतो त्यांनी तर नक्कीच. फक्त इन्सुलिन उन्हात तापू देऊ नये.

पाण्याखाली श्वासनळी लावून खोल उतरण्याचा खेळ हल्ली तारकर्ली-मालवणला लोकप्रिय आहे. तिथे साधा पाऊच नेऊ नये. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. म्हणजे दहा मीटरवर तो दाब किनाऱ्याच्या दुप्पट होतो आणि पातळ पिशवीचा चाप त्यापुढे टिकत नाही. शिवाय खाली असताना लक्ष श्वासावर आणि प्रशिक्षकाच्या खुणांवर हवे. चित्रीकरण त्याच्यावर सोडावे.

घेताना काय पाहाल?

फोनपेक्षा आवरण थोडे मोठे असावे. कोंबून बसवले की शिवणीवर ताण येतो. रंग भडक असावा, नारिंगी किंवा पिवळा; गढूळ पाण्यात काळी पिशवी दिसत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते पाण्यावर तरंगावे. काही पाऊचना कडेने हवेची नळी किंवा फोम असतो, ते तरंगतात. ही चैन नव्हे. फोन तरंगला तर कोणी त्याच्यामागे बुडी मारत नाही. त्या शेततळ्यातल्या मुलाचा फोन तरंगला असता तर काठीने ओढून घेता आला असता.

घरी आणल्यावर लगेच फोन आत घालू नका. आधी कागदाची परीक्षा घ्या. पाऊचमध्ये टिश्यू पेपर किंवा वर्तमानपत्राचा तुकडा ठेवा, चाप लावा आणि बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा. वर दगड किंवा भरलेला तांब्या ठेवा, म्हणजे तो खालीच राहील. बाहेर काढून वरून नीट पुसा, मग उघडा. कागद कोरडा असेल तर पास, ओलसर असेल तर दुकानदाराला परत. तरंगण्याची परीक्षा वेगळी घ्या. त्यासाठी फोनच्या वजनाची दुसरी एखादी वस्तू आत घाला. ही तपासणी दर सहलीपूर्वी करावी, कारण गेल्या वर्षीचा पाऊच यंदाही चांगला असेल याची खात्री नाही.

आत वाफ धरली तर घाबरू नका. थंड खोलीतून उन्हात आलो की चष्म्यावर वाफ येते, तसेच ते आहे. मात्र बंद पिशवीत उन्हात ठेवलेला फोन भराभर तापतो आणि बॅटरीला ते घातक असते. वाळूवर ठेवायचा तर सावलीत, टॉवेलखाली ठेवा.

पाण्याखाली फोनचा पडदा बोटाला दाद देत नाही आणि तिथे रेंजही नसते. चित्रीकरण काठावरच सुरू करावे लागते. पाऊचमधून बोटाचा ठसा अनेकदा लागत नाही, म्हणून आकड्यांचे कुलूप लक्षात ठेवा. घरूनच पाऊचमधून एकदा फोन लावून पाहा. आवाज पोचतो का, बटणे दाबली जातात का, हे संकट आल्यावर तपासण्याचे नसते.

गळ्यातली दोरी

आता माझ्या विषयाचे सांगतो. या पाऊचबरोबर येणारी दोरी मला आवडत नाही. ती गळ्यात घालून माणूस पाण्यात उतरतो. दोरी शिडीच्या कठड्यात अडकली, नावेच्या खुंटीत अडकली किंवा लाटेने पीळ पडला तर तोच फास होतो. लहान मुलांच्या गळ्यात ती कधीही घालू नये. मोठ्यांनी मनगटाला किंवा कमरेला बांधावी. गळ्यातच हवी असेल तर झटका बसताच सुटणाऱ्या कडीची घ्यावी. आणि लक्षात असू द्या, तरंगणारा पाऊच फोनला तारतो, माणसाला नाही. त्यासाठी लाइफ जॅकेटच लागते.

फोटोचा मोह

आपल्या जिल्ह्यात पाऊस सुरू झाला की वेरूळ, म्हैसमाळ, अजिंठा इथे गर्दी होते. जुलै २०२३ मध्ये अजिंठ्याच्या सप्तकुंड धबधब्यापाशी एक तरुण सेल्फी घेताना पाय घसरून खाली कुंडात पडला. त्याला पोहता येत होते, म्हणून तो कातळाला धरून राहिला. पोलिस आणि लेण्यांच्या कर्मचाऱ्यांनी दोराने त्याला वर काढले. तो नशीबवान. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात तरुणांची नाव उलटली. काही क्षण आधी ते फोनवरून थेट प्रक्षेपण करत होते. त्यातले अनेक जण परत आले नाहीत. मुंबईत जानेवारी २०१६ मध्ये वांद्र्याच्या समुद्रकिनारी सेल्फी घेताना मुली पाण्यात पडल्या आणि त्यांना वाचवायला उतरलेला माणूसही बुडाला. त्यानंतर मुंबई पोलिसांनी शहरातल्या धोक्याच्या जागा ठरवून तिथे सेल्फीला मनाई केली.

या घटनांत फोन भिजला की नाही हा प्रश्नच नव्हता. उलट फोनला चांगले आवरण असले की माणसाचे धाडस वाढते. पूर्वी फोन भिजेल म्हणून जो काठावर थांबत असे, तो आता कमरेइतक्या पाण्यात उतरतो. पाऊचचा हा दुष्परिणाम कोणत्याही वेष्टनावर छापलेला नसतो. नाथसागराचा काठ, हर्सूल तलाव, गावोगावची शेततळी ही पोहण्याची ठिकाणे नव्हेत. तिथे खोली कळत नाही, गाळात पाय रुततो आणि मदतीला कोणी नसते.

पडलेल्या फोनसाठी माणूस काय करू शकतो याचे एक उदाहरण छत्तीसगडमधले. मे २०२३ मध्ये कांकेर जिल्ह्यात एका अन्न निरीक्षकाचा महागडा फोन सेल्फी घेताना धरणाच्या पाण्यात पडला. तो काढण्यासाठी त्याने पंप लावून काही दिवस लाखो लिटर पाणी उपसले. फोन सापडला, पण चालू झाला नाही आणि साहेब मात्र निलंबित झाले. आपण हसतो, पण शेततळ्यात उडी घेणारा मुलगा आणि हे साहेब यांच्या मनात विचार एकच होता.

मुले पाण्यात, डोळे फोनमध्ये

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगभरात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली. आपल्या देशात २०२२ साली अशा मृत्यूंची सरकारी नोंद ३८ हजारांवर होती. लहान मुलांचे प्रमाण यात मोठे आहे.

सिनेमात बुडणारा माणूस हात हलवतो, "वाचवा, वाचवा" म्हणून ओरडतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा असे होत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होते, श्वासच पुरत नाही, मग ओरडणार कसे? मूल तर आवाज न करता मिनिटभरात दिसेनासे होते. एक मेसेज वाचायला तेवढाच वेळ लागतो. २०१८ साली जर्मनीतल्या जीवरक्षकांच्या संघटनेने पालकांना याच कारणासाठी इशारा दिला होता, की पोहण्याच्या तलावावर फोनमध्ये डोके घालू नका.

आमच्या लहानपणी विहिरीवर पोहायला शिकवताना पाठीला भोपळा किंवा पत्र्याचा रिकामा डबा बांधत. काठावर काका किंवा मामा दोर घेऊन बसलेला असे. त्याचे डोळे पाण्यावरून हलत नसत. साधने बदलली, तरी तो काठावरचा माणूस आजही हवा. सहलीत पाळी लावा. अर्धा तास एकाने फक्त मुलांकडे पाहायचे. त्याचा फोन बंद नको, कारण तो कामाला येऊ शकतो. पण तो खिशात असावा. पाच वर्षांखालील मूल हाताच्या अंतरावर असावे. फिट येणाऱ्यांनी एकट्याने पाण्यात उतरू नये आणि दारू पिऊन तर कोणीच उतरू नये.

फोन खरा कशासाठी?

पाण्याजवळ कोरडा फोन हवा तो मदत बोलावण्यासाठी. ११२ हा देशभरचा आणीबाणीचा क्रमांक, १०८ रुग्णवाहिकेचा. फोनला कुलूप असले तरी आणीबाणीचा क्रमांक लावता येतो. तसेच आपला रक्तगट, आजार, घरच्यांचा क्रमांक कुलूप न उघडता दिसेल अशी सोय बहुतेक फोनमध्ये असते. ती आजच मुलाकडून करून घ्या.

कोणी बुडताना दिसले तर आधी ओरडून माणसे जमवा. दोर, साडी, नळी, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, जे हाती लागेल ते फेका. पट्टीचे पोहणारे नसाल तर उडी घेऊ नका. बुडणारा गळ्याला मिठी मारतो आणि दोघे जातात.

बाहेर काढल्यावर पोट दाबू नका, उलटे टांगू नका, गरगरा फिरवू नका. पोटातले पाणी काढण्याच्या या जुन्या प्रकारांत मोलाची मिनिटे जातात आणि उलटी फुप्फुसात जाऊ शकते. माणसाला सपाट जमिनीवर उताणे ठेवा. हाक मारून प्रतिसाद नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर हनुवटी वर करून, नाक चिमटीत धरून तोंडाने पाच वेळा श्वास द्या. मग छातीच्या मधोमध तळहाताने ३० वेळा दाबा, मिनिटाला १०० ते १२० या गतीने. पुन्हा दोन श्वास. रुग्णवाहिका येईपर्यंत किंवा माणूस श्वास घेईपर्यंत हे थांबवू नका. चार-पाच मिनिटे प्राणवायू मिळाला नाही की मेंदूला इजा होऊ लागते, म्हणून दवाखान्यात नेईपर्यंत वाट पाहता येत नाही. आणि वाचलेला माणूस "मला काही झाले नाही" म्हणाला, तरी त्याला रुग्णालयात दाखवाच. धाप आणि खोकला काही तासांनी वाढू शकतो.

फोन भिजलाच तर

ताबडतोब बंद करा. चालू करून पाहू नका आणि चार्जर तर मुळीच लावू नका. बाहेरून पुसा, भोके खाली करून हलकेच झटका आणि पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. तांदळाच्या डब्यात फोन पुरण्याचा उपाय घरोघरी सांगतात. त्याने फायदा नाही, उलट तांदळाचे कण आणि भुगा आत जातो. खारे पाणी गेले असेल तर लवकर कारागिराकडे न्या. मीठ आतल्या धातूला खाते.

गुरुजी परवा पुन्हा आले. त्यांनी कागदाची परीक्षा घेतली होती. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, कागद चिंब भिजला. पाऊच परत केला, दुसरा आणला, तो पास झाला. मुलगा म्हणतो, बाबा, तुमच्या डॉक्टरांनी फोन वाचवला."

मी विचारले, "आणि नातवासाठी लाइफ जॅकेट?"

गुरुजी क्षणभर थांबले. मग म्हणाले, "ते राहिलंच की."

"मग आधी ते घ्या," मी म्हणालो. "पाऊचचं नंतर बघू."

लक्षात ठेवा

• नवा पाऊच फोन घालण्यापूर्वी अर्धा तास कागद घालून तपासा.
• भडक रंगाचा, तरंगणारा पाऊच घ्या. दोरी गळ्यात नको, मनगटाला बांधा.
• पाण्यात पडलेल्या फोनमागे कधीही उडी घेऊ नका.
• मुले पाण्यात असताना एका मोठ्या माणसाचे लक्ष फक्त त्यांच्याकडे हवे.
• मदतीसाठी ११२ आणि १०८. बुडालेल्याचे पोट दाबू नका, श्वास द्या.